सातेरीचे कूळ

श्रीवर्धनच्या सुपारीवाडीत जुन्या गडग्याच्या पोकळीत, अंधारात, शेजारीशेजारी पोळी लावून बसणारी माशी आणि आंबेनळी घाट चढून गेल्यावर महाबळेश्वरच्या जांभळीच्या ढोलीत नांदणारी माशी, दोघींना आपण सातेरीच म्हणतो. नाव एक म्हणून कूळही एक, असे मात्र नाही. नावांचा घोळ तसा जुनाच. फाब्रिसियसने १७९३ साली 'एपिस सेराना' आणि १७९८ साली 'एपिस इंडिका' अशी नावे दिली. पुढे इंडिका ही सेरानाची पोटजात ठरली. पेटी करणाऱ्या सुतारांना मात्र फरक आधीच कळला होता. सपाटीवरच्या लहान माशीसाठी 'ए' आणि डोंगरातल्या मोठ्या माशीसाठी 'बी' अशा दोन मापांच्या पेट्या भारतीय मानकातच आहेत.

थंड हवेत माशी काळसर, उबेत पिवळी होते, मग हा फरक हवामानाचाच कशावरून नाही? शंका रास्त आहे, आणि रंगापुरती खरीही. पण आईकडून लेकीला मिळणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए ऊन-पावसाने बदलत नाही, आणि भारतातल्या पिवळ्या सपाटीवरच्या व काळ्या डोंगरी माश्या त्यातही वेगळ्याच निघाल्या. २०२२ मध्ये तर केरळच्या संशोधकांनी पश्चिम घाटातली काळी माशी 'एपिस करिंजोडियन' म्हणून स्वतंत्र जात ठरवली. पंखातल्या शिरांच्या तुकड्यांचे गुणोत्तर हा त्यांचा एक आधार. जात म्हणावी की पोटजात, हा वाद अभ्यासकांनी घालावा. दोन कुळे आहेत, एवढे आपल्याला पुरे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. राणी उडता उडता अनेक नरांशी संग करते. घाटाच्या पायथ्याशी रक्त मिसळणारच. मिसळतेच, पण शतकानुशतके, हळूहळू, आणि त्यातले किनाऱ्यावर टिकणारे तेवढेच उरते. टेम्पोतून एका रात्रीत उतरवलेल्या पेट्यांना ही चाळण लागत नाही, आणि त्यांच्याबरोबर रोगही उतरतो. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणात संपवल्या. ज्या तगल्या, त्यांच्यावरच पुढचा पसारा उभा राहिला. म्हणून मुरूड-श्रीवर्धनकडे मधपेटी ठेवायची तर घाटावरून भरलेली पेटी आणू नये, वाडीतल्याच ढोलीतली वसाहत पकडून भरावी.