मंडईतला झुला

मैत्रिणींनो, भाऊबीज झाली की आपल्या देवरीकडे गावोगावी मंडई भरते. आमच्या लहानपणी तिथं चार पाळण्यांचा लाकडी झुला असायचा, माणसं तो हातानं फिरवायची. पुढं इंजिनावरचा लोखंडी आकाशपाळणा आला. अशा मोठ्या लोखंडी चाकाचं नाव झालं १८९३ साली, अमेरिकेत शिकागोच्या प्रदर्शनात. जॉर्ज फेरिसनं बांधलेलं ते चाक २६४ फूट उंच होतं! मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड निघालं, १९९८ मध्ये शेजारी पाण्यातल्या खेळांचं वॉटर किंगडम. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं. आपली मंडई चालूच आहे.

झुले बदलले, पण आम्ही बाया खालीच. पोरं वर, आम्ही पिशव्या अन् चपला सांभाळत. ‘या वयात शोभतं का?’ ही धास्ती. यंदा गटातल्या सात जणींनी तिकिटं काढली. वर गेल्यावर आधी ओरडलो, मग हसलो. पिशव्या नवऱ्यांकडे होत्या.