घरच्या लेथची कुळकथा

मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवली येथील एखाद्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिथे इतर बिऱ्हाडे अडगळ ठेवतात अशा खोलीत, कोणा हौशी गृहस्थाने लहानसा लेथ आणि त्याच्या शेजारी मेजावर मावेल एवढे मिलिंग मशीन मांडलेले दिसले, म्हणजे पाहणाऱ्याची सहजच अशी समजूत होते, की हा कारखान्याचा सरंजाम आहे आणि घरात तो केवळ हौसेपुरता उसना आलेला आहे. परंतु या यंत्रांची वंशावळ तपासू लागले, की घर हे त्यांचे मूळस्थान आहे आणि कारखाना हा त्यांच्या पुढील पराक्रमाचा मुलूख आहे, हे ध्यानात येते. या विद्येच्या इंग्लंडातील थोर आचार्यांपैकी एक जण ती घरीच शिकला, आणि मुंबईतील तिच्या पहिल्या थोर उपासकानेही आपली कर्मशाळा राहत्या घरीच उभारली.

लेथमागील तत्त्व अतिप्राचीन आहे: वस्तू स्वतःभोवती फिरवावी आणि तिच्यावर हत्यार टेकवून तिला गोलाई द्यावी. लाटणी आणि पलंगाचे पाय घडवणारे आपले कातारी, तसेच लाखेच्या रंगांनी झळाळणारी लाकडी खेळणी बनवणारे सावंतवाडीचे कारागीर, हे सर्व याच तत्त्वाचे अनुयायी होत. जुन्या पद्धतीत लाकडाला दोरीचा वेढा देऊन ती मागेपुढे ओढीत; त्यामुळे लाकूड एकदा सुलट आणि एकदा उलट फिरे, हत्याराची धार सुलट फेऱ्यातच लागे, आणि कारागिराचे निम्मे श्रम कापण्यावाचून जात. पायाने फिरवण्याचे चाक आल्यावर ही अडचण सरली; पण दुसरी, अधिक मूलगामी अडचण तशीच राहिली. हत्यार माणसाच्या हातात होते. केसभर चूक लाकडात खपून जाते. एकमेकांत सरकणाऱ्या पितळी व पोलादी भागांत ती खपत नाही, आणि कितीही कसलेला हात असला तरी त्याच्याने दोन दांडे तंतोतंत सारखे उतरत नाहीत.

हत्यार हातातून काढून यंत्राच्या स्वाधीन करण्याचे प्रयत्न अठराव्या शतकात फ्रान्समध्ये वोकाँसाँने आणि इंग्लंडात रॅम्सडेनने केले होते. त्या प्रयत्नांना एकवटून टिकाऊ आणि व्यवहार्य रूप देण्याचे श्रेय हेन्री मॉड्स्ली या इंग्रज कारागिराकडे जाते. जोसेफ ब्रामा या कुलपांच्या प्रसिद्ध कारखानदाराकडे तो नोकरीस होता. वेतनवाढ नाकारली गेली तेव्हा १७९७ साली त्याने ती नोकरी सोडून लंडनमध्ये स्वतःची लहानशी कर्मशाळा थाटली, आणि १८०० च्या सुमारास त्याचा आटे पाडणारा लेथ पूर्णत्वास गेला. सरळ आणि भक्कम बेड, त्यावर सरकणारे आणि हत्याराला घट्ट आवळून धरणारे कॅरेज, त्या कॅरेजला पुढे नेणारा लीड स्क्रू, आणि त्या स्क्रूची गती कमीअधिक करणारी, बदलता येण्याजोगी दंतचक्रे, ही त्या रचनेची चार अंगे होती. चक्रांची जोडी बदलली की एकाच लीड स्क्रूवरून हव्या त्या अंतराचे आटे निघत. याच मॉड्स्लीने एक सूक्ष्ममापक बनवला होता. इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत माप सांगणाऱ्या त्या उपकरणाला त्याच्या कर्मशाळेत ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत, कारण मापाच्या प्रत्येक तंट्यात त्याचा निवाडा अखेरचा मानला जाई. हाताने चालवायचा आजचा बहुतेक कोणताही लेथ, मग तो चाळीस-पन्नास किलोचा घरगुती असो की कित्येक टनांचा असो, या चार अंगांचेच वतन चालवतो.

या कर्मशाळेत १८२९ साली एडिंबरोहून एक तरुण आला. त्याचे नाव जेम्स नॅस्मिथ. त्याचे वडील निसर्गचित्रकार होते. त्यांना यंत्रकामाचा नाद होता आणि घरातच त्यांची कर्मशाळा होती. त्या घरात मुलाने लेथवर हात बसवला, आपल्या निजण्याच्या खोलीत भट्टी लावून पितळेचे ओतकाम केले, आणि वडिलांचे रंग घोटण्यासाठी वाफेचे छोटे इंजिन बनवले. मॉड्स्लीपुढे त्याने शिफारसपत्रांची थप्पी ठेवली नाही. स्वतः घडवलेली इंजिनाची प्रतिकृती ठेवली, आणि ती पाहून मॉड्स्लीने त्याला आपला खाजगी साहाय्यक नेमले. तिथे एका मोठ्या इंजिनाच्या प्रतिकृतीसाठी लहान षट्कोनी नट पुष्कळ लागणार होते. त्यांच्या बाजू कानशीने घाशीत बसण्याऐवजी नॅस्मिथने फिरत्या कटरने त्या सपाट करणारे यंत्र रचले. ते मिलिंग मशीनच होते. म्हणजे घरच्या कर्मशाळेत वाढलेल्या तरुणाने, प्रतिकृतीसारख्या आजच्या हौशी कारागिरांच्या आवडत्या कामासाठी, या दुसऱ्या यंत्राच्या इतिहासात आपला वाटा उचलला.

मिलिंगमध्ये लेथचा न्याय उलटा होतो: कटर फिरतो आणि जॉब, म्हणजे घडवायचा भाग, टेबलावर बांधलेला असून त्याच्याखाली पुढेमागे, आडवा, वरखाली सरकतो. लेथ गोलाई देतो, मिलिंग सपाटी, खाच आणि दाते देते. दोन्ही मिळून जवळजवळ कोणताही भाग घडवता येतो. या यंत्राची सनद एकाच माणसाच्या नावे काढता येत नाही. अमेरिकेत बंदुका बनवणाऱ्या कारखान्यांत, एकाचा भाग दुसऱ्याला चपखल बसला पाहिजे या गरजेतून, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात अनेकांच्या हातून ते आकारास आले. १८६१-६२ साली अमेरिकेतीलच जोसेफ ब्राऊन यांनी युनिव्हर्सल मिलिंग मशीन सिद्ध केले. ड्रिलच्या अंगावरची जी पिळदार खोबण तोपर्यंत हाताने कानशीने कोरावी लागे, ती आता यंत्र काढू लागले.

आता मुंबईकडे वळू. ज्या १८०८ साली नॅस्मिथ जन्मला, त्याच साली मुंबईत जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यात अर्देशीर कर्सेटजी जन्मले. घराण्याचा हुन्नर लाकडी गलबतांचा. अर्देशीरांचे मन वाफेच्या यंत्रात. माझगावच्या आपल्या घरी त्यांनी लहानशी ओतशाळा उभारली, वाफेवर चालणारा पंप बसवला, आणि १८३४ साली आपले घर व बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. खुद्द मुंबईचे गव्हर्नर ते कौतुक पाहण्यास गेले. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले, आणि त्याच साली मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. गोऱ्या कारागिरांवर एतद्देशीय अधिकारी नेमला गेला. तिकडे त्याच वर्षी, मॉड्स्लीच्याच कर्मशाळेत शिकून तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांच्या एकसारख्या मापांची तजवीज इंग्लंडात मांडली, जी पुढे मुंबईच्या कारखान्यांत दीर्घकाळ प्रमाण राहिली. सरकारी फॅक्टरीतील अर्देशीरांच्या अधिकाराआधी माझगावच्या घरातील कसब होते, हे इथे विसरता कामा नये.

मराठी मुलखात हा वारसा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी चालवला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा, मॉड्स्लीप्रमाणेच, त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावास भावासमवेत सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून, कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडवीत, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करची स्थापना होऊन लेथ इथल्या मातीत बनू लागले. १९५३ साली बंगळुरास एचएमटी (हिंदुस्तान मशीन टूल्स) उभी राहिली. त्याच काळात मुंबईची उपनगरे यंत्रांनी भरून गेली. कुर्ल्यास प्रीमियरच्या मोटारी, विक्रोळीस गोदरेज, पवईस लार्सन अँड टूब्रो, कांजूरमार्गला क्रॉम्प्टन, कांदिवलीस महिंद्र, आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर अंधेरीच्या मरोळ भागातील गाळे. या कारखान्यांमागे टर्नर, फिटर आणि मिलर यांची एक संपूर्ण पिढी उभी होती; कोकण-देशावरून आलेली, आयटीआयमध्ये किंवा अप्रेंटिस म्हणून घडलेली, आणि कानाला आलेल्या आवाजावरून धार बोथट झाली हे ओळखणारी.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जमिनीचे मोल यंत्रांच्या मोलाहून फार वाढले. लालबहादूर शास्त्री मार्गावरील कित्येक कारखान्यांच्या जागी मॉल आणि उंच इमारती आल्या. यंत्रे वजनावर विकली गेली, आणि हातातले कसब घेऊन माणसे घरी बसली. याच संधिकाळात घरगुती लेथची शाखा इथे मूळ धरू लागली. विलायतेत ती शाखा जुनी आहे: १८९८ साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक निघाले आणि १९४६ साली मायफोर्डचा एमएल-७ हा घरगुती कर्मशाळेस साजेसा लेथ आला. आपल्याकडे कुर्ला, साकीनाका आणि दारूखान्याच्या जुन्या मालातून डागडुजी केलेले यंत्र, किंवा अलीकडे आयात झालेला छोटा लेथ, हाच बहुधा आरंभ असतो.

इथल्या हौशी कारागिराच्या अडचणीही इथल्याच आहेत. जुन्या यंत्राची मोटर थ्री-फेज असते आणि घरी २३० व्होल्टचा सिंगल-फेज पुरवठा; तेव्हा मोटरची जोडणी त्या दाबास जुळती करून मध्ये सिंगल-फेजचा थ्री-फेज करून देणारा व्हीएफडी बसवावा लागतो, आणि त्याच्या योगाने पट्टा न बदलता गतीही कमीअधिक करता येते. वरच्या मजल्यावर वजन आणि कंप दोन्ही सोसायटीस मानवत नाहीत, म्हणून तळमजला बरा. पावसाळ्यात, विशेषतः खाडीच्या आणि समुद्राच्या बाजूस, बेडवर एका रात्रीत तांबूस गंज चढतो. काम संपल्यावर कीस झाडून तेलाचा हात फिरवणे हा नित्यनेम ठरतो. मिलिंग मशीनला जागा नसेल तर कॅरेजवर व्हर्टिकल स्लाइड बसवून, कटर चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरून, लेथकडूनच मिलिंगचे काम घेता येते. चकची चावी चकमध्ये कधीही राहू द्यायची नाही, हातमोजे आणि सैल बाही घालून लेथजवळ उभे राहायचे नाही, हे नियम शॉप फ्लोअरइतकेच घरातही सक्तीचे आहेत. किंबहुना घरी मदतीस दुसरा कोणी नसल्यामुळे अधिक सक्तीचे.

असे असूनही माणूस हे काम करतो, ते सुटा भाग बाजारात मिळत नाही एवढ्यासाठी नव्हे. स्वतः कातलेला दांडा स्वतः बोअर केलेल्या भोकात, न अडखळता आणि न डुगडुगता सरकतो, तेव्हा अचूकता ही हाताला समजलेली गोष्ट होते. ती पुस्तकाने शिकवता येत नाही. ती एका हाताने दुसऱ्या हाताला द्यावी लागते. मॉड्स्लीने ती नॅस्मिथ आणि व्हिटवर्थ यांना दिली. उपनगरांतील निवृत्त टर्नरांपाशी ती आजही आहे, आणि घ्यावयास उत्सुक अशी मुलेही त्याच इमारतींत राहतात. दोघांची गाठ पडावी अशी जागा तेवढी नाही.

म्हणून माझे निश्चित मत असे आहे, की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत ज्या जुन्या सोसायट्यांचा आज पुनर्विकास होत आहे, त्यांनी नकाशा मंजूर करताना व्यायामशाळा आणि समारंभगृह यांच्या जोडीने तळमजल्यावर एक कर्मशाळेची खोली मागून घ्यावी. भक्कम जमीन, थ्री-फेजची एक जोडणी, चांगला उजेड, एक लेथ, एक लहान मिलिंग मशीन आणि शिकवण्यास राजी असलेला एक जुना कारागीर, एवढ्यावर ती चालू शकेल. नॅस्मिथ आणि अर्देशीर यांच्यापाशी घर होते आणि घरात अशी जागा होती. आपल्या मुलांची घरे लहान आहेत. तेव्हा ती जागा देण्याचे कर्तव्य आता सोसायटीचे आहे.