खर्जाची तार

अल्लीपूर हें हिंगणघाट तालुक्यांतील, कापसाच्या काळ्या जमिनींत वसलेलें गांव. तेथील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें नुकताच एक पेच आमच्यापुढें टाकला. गांवच्या भजनी मंडळांतील तरुणांनीं वर्गणी काढून एक आंखूड बेस गिटार आणली. पण पहिल्याच बैठकींत वडीलधाऱ्या मंडळींनीं कपाळाला आंठ्या घातल्या. हिची तार अशी खणखणते कीं अभंगाचे शब्द ऐकूं येत नाहींत. वाद्य बंद करा, नाहीं तर आम्ही घरीं बसतों, असें त्यांचें म्हणणें. विद्यार्थी विचारतो कीं, तारा बदलून भागेल काय, आणि बदलावयाच्या तर कोणत्या? आम्हांस हें वाद्य वाजवितां येत नाहीं. तथापि हा पेच दिसतो तितका नवा नाहीं. खालचा सूर तारेंतून कसा काढावा, या प्रश्नाचा इतिहास बराच जुना आहे, आणि उत्तर त्यांतच सांपडेल असें आम्हांस वाटतें.

फ्रान्समधील मेर्सेन या पंडितानें १६३६ सालीं तारेच्या कंपनाचे नियम ग्रंथांत मांडले. त्यांचें सार असें: तार लांब केली, सैल केली किंवा जड केली, म्हणजे सूर खालीं जातो. यांपैकीं लांबीला वाजविणाऱ्याच्या हाताची मर्यादा पडते. फार सैल तार लडबडते. म्हणून वजन वाढविणें हाच मार्ग उरतो. परंतु आंतड्याची तांत जाड करीत गेल्यास ती ताठर होते व तिचा नाद बसका निघतो. यावर सतराव्या शतकांत युरोपांत तोड निघाली. मधली तांत बारीक व लवचीक ठेवावयाची आणि तिच्यावर धातूची तार गुंडाळून वजन वाढवावयाचें. लंडनचा प्रकाशक जॉन प्लेफर्ड यानें १६६४ सालीं अशा तारांचा नवी युक्ति म्हणून उल्लेख केला आहे.

आमच्याकडील कारागिरांनीं मात्र वाट निराळी धरली. मिरजेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यांतील कारागीर, हत्यारांना धार देण्याचा धंदा मंदावल्यावर, तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे आणून त्यांनीं जे तंबोरे घडविले, त्यांची कीर्ति देशभर झाली. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. तंबोऱ्याचा खर्ज साध्या पितळी तारेचा, वेढ्याविना. लांबी सुमारें तीन फूट, आणि सूर काळी एकचा धरल्यास सेकंदास सुमारें ६९ कंपनें. पण खरी करामत जवारींत. घोडीच्या रुंद पाठीवर तारेखालीं सुताचा धागा सरकविला कीं एका खर्जांतून वरच्या सुरांची पालवी फुटते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं या चमत्काराचा शास्त्रीय विचार केला. तंबोऱ्याला तारेंतून हे स्वर हवेच असतात. गायकाला त्यांच्याच आधारावर सूर लावावयाचा असतो.

आतां बेस गिटारीकडे पाहूं. अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं जी बेस गिटार बाजारांत आणली, तिची तार ३४ इंचांची होती. १९५३ सालीं गिब्सन कंपनीनें सुमारें ३०॥ इंचांची, तर १९५६ सालीं जर्मनीच्या हॉफनर कंपनीनें ३० इंचांची बेस काढली. हीच आंखूड जात. तंबोऱ्याहून तोकडी असूनहि ही ४१ कंपनांपर्यंत खालीं उतरते, तें केवळ वेढ्यांतील वजनाच्या बळावर. प्रारंभीं हे वेढे चपट्या पट्टीचे असत. अशा तारेस फ्लॅटवाउंड म्हणतात. पुढें १९६६ च्या सुमारास रोटोसाउंड या इंग्रज कंपनीच्या गोल वेढ्याच्या तारा गाजल्या. दणदणाटी मेळांतहि बेस स्पष्ट ऐकूं यावी, अशी त्या काळच्या वादकांची निकड होती, आणि या तारांनीं ती भागविली. अल्लीपूरच्या वाद्यावर आज त्याच जातीच्या तारा आहेत.

गोल वेढ्याच्या तारेंत वरचे सूर अधिक व दीर्घकाळ उमटतात. शिवाय तिच्या खरबरीत अंगावर बोट सरकलें कीं किरकिर होते. चपट्या वेढ्याची तार गुळगुळीत, तिचा नाद भरीव व मऊ, आणि वरचे सूर लवकर विरतात. त्यांत वाद्य आंखूड. तीच तार व तोच सूर ठेवून ३४ इंचांवरून ३० इंचांवर आलें, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे शेंकडा बावीस घटतो. अशी सैल तार फळीवर आपटून खणखणते. चपट्या वेढ्याच्या तारा बहुधा अधिक ताठर व अधिक ताणाच्या असतात. म्हणून आंखूड वाद्याची ही उणीवहि त्या बऱ्याच अंशीं भरून काढतात.

तेव्हां आम्हीं विद्यार्थ्यास कळविलें तें असें. तारा फ्लॅटवाउंडच घ्याव्या, पण आंखूड वाद्यासाठीं म्हणून बनविलेल्या. लांब वाद्याची तार आणून कापल्यास जाड वेढा खुंटीवर वळवावा लागतो व तेथें तो उकलतो. खरेदीपूर्वीं तार अडकते तेथपासून वरच्या पट्टीपर्यंतचें अंतर मोजावें. वेढा त्याहून थोडा लांब, परंतु खुंटीच्या अलीकडे संपणारा असावा. सर्वांत जाड तार एक इंचाच्या १०० ते १०५ हजारांशांची पुरे. ताण वाढल्यानें दांडी वांकली तर ती जाणत्याकडून सरळ करवून घ्यावी. किंमत अधिक पडेल, परंतु या तारा वर्षानुवर्षें टिकतात.

राहिला प्रश्न वडील मंडळींचा. त्यांचे कान चुकले नाहींत, आणि तरुणांची हौसहि चुकली नाहीं. तंबोरा वाजतो तो गायकाला सुरांचें अंगण घालून देण्यासाठीं. तेथें तारेनें फुलून यावें हें योग्य. भजनांत तें काम पेटी व टाळ आधींच करीत असतात. तेथें खर्जानें जमिनीसारखें खालीं असावें, जाणवावें पण दिसूं नये. ज्या गांवच्या मातींत सूत पिकतें, त्या गांवाला हा भेद सांगावयास नको. तोच कापसाचा धागा जवारींत घातला तर सूर फुलवितो आणि त्याच कापसाचा बोळा तारेखालीं दाबला तर सूर मिटवितो. आम्हीं पत्राच्या शेवटीं एवढेंच लिहिलें कीं, नव्या तारा चढवाल त्या दिवशीं कुरकुरणाऱ्या वडिलांना अगदीं पुढें बसवा, आणि अभंगाचा प्रत्येक शब्द ऐकूं आला काय, हें त्यांनाच विचारा.