झाडीपट्टीचे रंगकर्मी (गोंदिया जिल्हा)

झाडीपट्टीचे रंगकर्मी : पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या धान पिकवणाऱ्या जिल्ह्यांत गावोगावच्या रंगमंचावर हयात काढणारे नट, गायक, वादक, शाहीर आणि नाटककार. यांतल्या अनेकांचे शिक्षण गावच्या शाळेत किंवा फार तर दहावी-बारावीला थांबलेले असते. नाट्यशाळेचा उंबरठा न ओलांडता त्यांनी कलेवर नाव मिळवले, आणि हंगामापुरते का होईना, घरही चालवले. महाराष्ट्रात शाळेनंतर थेट कलेकडे जाण्याच्या ज्या वाटा आहेत, त्यांत ही सर्वांत रुळलेल्या वाटांपैकी एक आहे. शहरी नाट्यसमीक्षेने तिची दखल फार उशिरा घेतली.

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. नाटकाशी या मातीचे नाते मात्र फार जुने सांगितले जाते. ‘उत्तररामचरित’ आणि ‘मालतीमाधव’ लिहिणारा आठव्या शतकातला भवभूती पद्मपूरचा. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे मत संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. आजच्या झाडीपट्टी नाटकाचे मूळ भवभूतीत शोधण्याचे कारण नाही. ते दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांत आहे. दंडारीत नाच, गाणे आणि सोंगे एकत्र येतात. खडी गंमतीत शाहीर आणि त्याचे साथीदार उभ्याने गातात, ढोलकी-डफाची साथ असते आणि बाईचे सोंग पुरुषच घेतो. मालगुजारीच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांच्या, काळात गावच्या उत्सवांना जो आश्रय होता, त्यात हे प्रकार वाढले आणि पुढे संगीत नाटकाच्या वळणाने त्यांना पडदा, प्रवेश आणि संहिता मिळाली.

हंगामाचे गणित शेतीने ठरवलेले आहे. दिवाळीच्या सुमारास हलका धान हाती येतो आणि गावोगाव मंडई भरू लागते. मंडई म्हणजे खरेदी-विक्रीपेक्षा भेटीगाठीचा दिवस : लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. दिवसा दंडार आणि खडी गंमत, रात्री नाटक. त्यानंतर शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या रात्रीही नाटक. हा क्रम होळीपर्यंत आणि काही ठिकाणी त्याही पुढे चालतो. प्रयोग रात्री दहाच्या आसपास उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. नाटक ठेवणारे गावचे मंडळ असते. तिकीट विकणे, मंडप घालणे, पाहुण्यांची सोय करणे हे सारे तेच बघते.

या कलावंतांची खरी शाळा हीच. शाळकरी पोर आधी गावच्या हौशी नाटकात भालदार होते, मग एखाद्या प्रवेशात दोन वाक्ये बोलते. आवाज चांगला असेल तर नांदीत उभे राहते, बोटे चालत असतील तर हार्मोनियम किंवा तबल्याजवळ बसते. गावच्या नाटकात दिसलेला मुलगा शेजारच्या गावाला आठवतो आणि पुढच्या वर्षी त्याला तिथून बोलावणे येते. तालमीला वेळ थोडा असतो, म्हणून प्रॉम्प्टरचा आवाज कानाने धरून चेहऱ्याने न सांडू देण्याची सवय लागते. हजारोंच्या उघड्या जमावापुढे, थंडीत, पहाटे चारला प्रेक्षकाला जागे ठेवणे हे कौशल्य कुठल्याही अभ्यासक्रमात सहज बसणारे नाही. झाडीपट्टीच्या नटाचा वरच्या पट्टीतला आवाज आणि ठळक हावभाव शहरी प्रेक्षकाला भडक वाटतात. पण शेवटच्या ओळीतल्या म्हातारीपर्यंत नाटक पोहोचवायचे असेल तर तेच योग्य माप आहे.

व्यवसाय म्हणून या रंगभूमीचे केंद्र गोंदियाच्या हद्दीबाहेर, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा (देसाईगंज) येथे आहे. गोंदिया-चांदाफोर्ट रेल्वेमार्गावरचे हे गाव. नाट्यकंपन्यांची कार्यालये इथे थाटलेली असतात. गावोगावची मंडळे येऊन नाटक आणि तारीख ठरवतात. नटाला मानधन नाईटप्रमाणे, म्हणजे प्रयोगागणिक, मिळते. हंगाम सरला की बरेच जण पुन्हा शेतीकडे किंवा मजुरीकडे वळतात. पूर्वी स्त्रीभूमिका पुरुष करीत. आता नागपूर आणि इतर शहरांतून अभिनेत्री येतात. 2020-21 मध्ये करोनामुळे प्रयोग थांबले, तेव्हा या साऱ्यांची कमाई एकदम तुटली.

या परंपरेला देशपातळीवर ओळख मिळाली ती परशुराम कोमाजी खुणे यांच्यामुळे. ते गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे. त्यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या नावावर 5,000 हून अधिक प्रयोग आणि सुमारे 800 भूमिका असल्याची नोंद करण्यात आली. विनोदी नट म्हणून त्यांची ख्याती; अंधश्रद्धा आणि व्यसन यांविरुद्धचे प्रबोधनही त्यांनी रंगमंचावरून केले. नवरगावचे सदानंद बोरकर हे नाटककार-दिग्दर्शक म्हणून या भागात घरोघरी ठाऊक आहेत. तृशांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ (2022) या चित्रपटाचा विषयही हीच रंगभूमी आहे.

भाषेबाबत एक खंत नोंदवायला हवी. गोंदियात झाडीबोली या झाडीपट्टीच्या मराठी बोलीसोबत पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगडी बोलली जाते. नाटकात मात्र नायक-नायिका बहुधा प्रमाण मराठी बोलतात आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. ज्यांच्या पैशावर रंगभूमी उभी आहे, त्यांची बोली तिथे गंभीर दुःखालाही लाभली पाहिजे. झाडीबोलीची चळवळ चालवणारे साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांचे काम या दृष्टीने मोलाचे आहे.

शाळेपुरत्या शिक्षणावर कला कमावण्याचे रंगमंचाबाहेरचे एक उदाहरणही गोंदिया जिल्ह्याशी जोडलेले आहे. लेखक व्यंकटेश माडगूळकर (1927–2001) मूळचे माणदेशातले. औपचारिक शिक्षण शाळेपलीकडे गेले नाही, वाचन आणि चित्रकला त्यांनी स्वतःच कमावली. गोंदिया-भंडाऱ्यात पसरलेल्या नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करून त्यांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. वानरांच्या टोळीतला सत्तासंघर्ष मांडणाऱ्या ‘सत्तांतर’ला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते इथले रहिवासी नव्हते, पण पाहण्याची शिस्त पदवीविना कमावता येते हे त्यांच्या या लेखनात पानोपानी दिसते.

उतारवयात झाडीपट्टीच्या कलावंतांना आधार आहे तो राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेचा. 2024 पासून तिच्यात दरमहा 5,000 रुपये मिळतात. वयाची अट आहेच, शिवाय कलेतल्या दीर्घ कामाचे पुरावेही द्यावे लागतात. ज्यांचा करार तोंडी आणि कीर्ती ऐकीव, त्यांच्यासाठी जुने हँडबिल, गावच्या मंडळाचे पत्र किंवा वर्तमानपत्रातले कात्रण हाच दाखला. म्हणून गावच्या मंडळांनी दरवर्षीच्या नाटकाची हँडबिले कलावंतांच्या नावांसह ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या ग्रंथालयात ठेवायला हवीत. त्यातून मानधनाचा अर्जही उभा राहील आणि या रंगभूमीचा इतिहासही.