फिलबर्नचा गहू

1941 च्या जुलैत अमेरिकेतील ओहायो राज्याच्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याने गव्हाची कापणी केली आणि सरकारने त्याला दंड ठोठावला. त्याला 11.1 एकरांत गहू पेरण्याची मुभा होती. त्याने 23 एकर पेरला होता. जादा पीक 239 बुशेल, म्हणजे सुमारे 65 क्विंटल. दंड 117 डॉलर 11 सेंट. फिलबर्नचा धंदा दूध व अंडी विकण्याचा. त्याच्या गव्हाचा बराच भाग गुराकोंबड्यांना जाई, काहीचे घरी पीठ होई, काही बियाण्याला राही. आपल्याच कोंबडीपुढे आपलाच दाणा टाकायला सरकारची परवानगी कशाला, असा त्याचा रोकडा सवाल होता. आपल्याकडील कोणाही बागायतदाराने तो असाच विचारला असता!

परंतु ही मर्यादा केवळ वरून लादलेली नव्हती. मंदीत भाव कोसळले तेव्हा शेतकऱ्यांनीच सरकारकडे आधार मागितला होता. 1938 च्या कायद्याने आधार दिला आणि त्यासोबत पेऱ्याला आळा घातला. त्याला दोन-तृतीयांश गहू उत्पादकांची संमती लागे. 31 मे 1941 च्या मतदानात सुमारे 81 टक्क्यांनी ती दिली. त्या वर्षी जगाच्या बाजारात बुशेलला सुमारे 40 सेंट भाव होता, मर्यादा पाळणाऱ्या अमेरिकन शेतकऱ्याला मात्र 1 डॉलर 16 सेंट मिळत होते.

फिलबर्नची एक तक्रार मला रास्त वाटते. पेरणीच्या वेळी दंड बुशेलला 15 सेंट होता. मतदानाला अवघे पाच दिवस उरले असता तो 49 सेंट झाला. कृषिमंत्री क्लॉड विकार्ड स्वतः इंडियानाचे शेतकरी. पण मतदानापूर्वीच्या भाषणात त्यांनी येऊ घातलेल्या वाढीव दंडाविषयी अवाक्षर काढले नाही. याच मुद्द्यावर खालच्या न्यायालयात फिलबर्न जिंकला. सर्वोच्च न्यायालयाने 9 नोव्हेंबर 1942 रोजी तो निकाल एकमताने फिरवला. न्यायमूर्ती जॅक्सन यांचे म्हणणे असे की, अनेकांनी घरचाच गहू वापरला तर बाजारातील मागणी घटते. शिवाय ज्या धंद्याला सरकार अर्थसाहाय्य देते, त्याचे नियमन करणे हा अन्याय नव्हे.

21 मे 1963 रोजी गहू उत्पादकांपुढे सक्तीच्या मर्यादेचा प्रश्न पुन्हा मतदानाला आला. या वेळी निम्म्याहून अधिकांनी नकार दिला. पुढल्याच वर्षी काँग्रेसने नवी योजना आणली: पेरा आखडणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, आणि आखडणाऱ्याला सरकारी मदत.