धुरावर चालणारा भाता

गेल्या उन्हाळ्यात डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला. त्याने तिथे 1990 सालचा डॉज रॅम हा जुना डिझेल पिकअप घेतला आहे. त्यामागे कॅम्पर, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, जोडून तो बायको-मुलीसह रॉकी पर्वतात हिंडतो. आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर गाडी दमली, काळा धूर ओकू लागली आणि इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान दाखवणारी सुई 1400 अंश फॅरनहाइटच्या पुढे गेली. “मामा, मोठा टर्बो टाकून देऊ का?” त्याने विचारले.

मी इंजिनिअर नाही. पंप-नॉझल दुरुस्तीच्या एका दुकानात बारा वर्षे हिशेब लिहिले आणि तिथल्या तेलकट पुस्तिका वाचता वाचता इंजिनांच्या इतिहासाचा नाद लागला. भाच्याला मी फोनवर ‘नको’ एवढेच म्हणालो. त्या ‘नको’मागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, तो इथे मांडतो.

लोहाराच्या भट्टीत कोळसा कितीही घाला, भाता नीट चालला नाही तर नुसता धूर होतो. डिझेल इंजिनाचे तसेच आहे. तेल वाढवणे सोपे, पेच फिरवला की झाले. अवघड असते ती हवा. पुन्हा जळलेल्या तेलातली बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धुराबरोबर वाया जाते. आल्फ्रेड ब्युशी या 26 वर्षांच्या स्विस इंजिनिअरने या दोन अडचणी एकमेकींना जोडल्या. 16 नोव्हेंबर 1905 रोजी त्याने जे पेटंट नोंदवले त्याचे सार असे : बाहेर जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची. टाकाऊ धुरावर चालणारा भाता, दुसरे काय!

कल्पना कागदावरून लोखंडात उतरायला वीस वर्षे गेली. 1920च्या दशकाच्या मध्यास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना ब्युशीचा भाता लागला आणि 1750 अश्वशक्तीचे इंजिन 2500 अश्वशक्ती देऊ लागले. म्हणजे डिझेलवरच्या टर्बोचे पहिले मोठे यश ओझे वाहणाऱ्या जहाजांवरचे. शर्यतीच्या गाड्या बऱ्याच नंतर आल्या.

त्याआधीचा एक प्रसंग तर भाच्याच्या अंगणातलाच. सप्टेंबर 1918. विमाने उंच गेली की विरळ हवेत त्यांची इंजिने दमत. जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन ट्रकवर लादून डेन्व्हरच्या दक्षिणेकडील पाइक्स पीक या 14,109 फूट उंच शिखरावर नेले. पायथ्याच्याही खाली, समुद्रसपाटीला 350 अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर 230वर आले. टर्बो लावल्यावर त्याने 356 दिली. मला या प्रयोगातला शेवटचा आकडा फार बोलका वाटतो. 350चे 700 करायला कोणी निघाले नव्हते. डोंगराने हिरावलेला दम परत मिळवायचा होता, आणि तो मिळाला.

मग टर्बो म्हणजे वेग, हे समीकरण कुठून आले? एक धागा 1952च्या इंडियानापोलिस शर्यतीत सापडतो. कमिन्स या डिझेल इंजिने करणाऱ्या अमेरिकी कंपनीने तिथे टर्बो लावलेली डिझेल गाडी उतरवली. पात्रता फेरीत फ्रेड आगाबाशियन यांनी ताशी 138 मैलांची गती गाठून सर्वांत पुढची जागा पटकावली. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र 71 फेऱ्यांनंतर गाडी बाहेर पडली. धावपट्टीवर घासल्या गेलेल्या टायरांचा रबरी कचरा भात्याच्या तोंडात अडकला होता. लोकांच्या लक्षात ती पहिली जागा राहिली. ओझे ओढणाऱ्याने मात्र कोंडलेले तोंड लक्षात ठेवावे. हवेची जाळी आणि नळ्या स्वच्छ व घट्ट नसतील, तर नवा टर्बो घेण्यात अर्थ नाही.

याच कमिन्सच्या भागीदारीतून 1962 साली किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली आणि पुण्यात कोथरूडला तिचा कारखाना आला. म्हणून हे नाव मराठी घरांत इतके ओळखीचे. तिकडे अमेरिकेत 1980च्या दशकात कंपनीने शेतीयंत्रे आणि मध्यम ट्रकांसाठी बी मालिकेची इंजिने काढली. त्यातले 5.9 लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन 1989 साली डॉज रॅममध्ये बसले. आकडे आज साधे वाटतील : 160 अश्वशक्ती, 400 पौंड-फूट टॉर्क. पण हा टॉर्क अगदी कमी फेऱ्यांवर मिळे. ट्रॅक्टरच्या कुळातले इंजिन ते; त्याला पळण्यापेक्षा ओढणे ठाऊक होते.

आता भाच्याची गाडी. त्याच्या रॅमवरच्या होलसेट टर्बोचे धुराकडचे घर 21 चौरस सेंटिमीटरचे. भात्याचे हे तोंड. तोंड मोठे असले की धूर सैलपणे जातो, चक्र उशिरा वेग घेते आणि चढावर कमी फेऱ्यांत हवा पुरत नाही. तोंड लहान केले की धूर जोराने आदळतो, हवा लवकर मिळते. म्हणून त्या काळच्या गाड्यांचे जाणते मालक 21चे घर काढून 18 किंवा 16चे बसवतात. 1994नंतरच्या रॅममध्ये कंपनीनेच 12चे घर दिले. पण जास्तीचा धूर बाजूने सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, सोबत दिली. झडपेवाचून तोंड फार लहान केले तर वरच्या फेऱ्यांत धूर तुंबतो आणि इंजिन स्वतःच्याच श्वासाने गुदमरते. भाच्याच्या मनातला ‘मोठा टर्बो’ याच्या अगदी उलट. तो सपाट रस्त्यावर मोकळ्या गाडीला, भरपूर तेलावर आणि चढ्या फेऱ्यांत शोभतो. बोगद्याजवळ 11,000 फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्के; तिथे कॅम्परसह तो जागा होईपर्यंत इंजिन तापलेले असणार.

दुसरी बाब दाबलेल्या हवेची. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, तशी हवा दाबली की तापते आणि तापली की विरळ होते. तिला थंड करणारा इंटरकूलर डॉजने 1991च्या सुमारास दिला. भाच्याची गाडी त्याआधीची.

मी खोदून विचारले तेव्हा त्याने कबूल केले की आधीच्या मालकाने तेलाचा पेच आवळून ठेवला होता आणि त्यानेही आणखी पाव फेरा दिला होता. काळ्या धुराचे कोडे तिथेच सुटले. कोळसा वाढला होता, भाता तेवढाच. पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. लांब चढावर 1400 अंश त्यांना सोसत नाहीत. जाणते चालक 1250च्या आसपास पाय उचलतात, खालचा गिअर टाकतात.

आणखी एक आकडा त्याला सांगितला. 1996च्या रॅममध्ये हेच इंजिन हाताच्या गिअरबरोबर 215 अश्वशक्तीचे होते आणि स्वयंचलित गिअरबॉक्सबरोबर 180चे. इंजिन तेच, पण मागचा गिअरबॉक्स किती भार सोसतो ते पाहून शक्ती बेतली. जोडणारी कंपनी जर इतके पाहते, तर घरी पेच फिरवणाऱ्याने का पाहू नये? शिवाय चढलेली गाडी उतरवायचीही असते. टर्बो बदलून ब्रेक सुधारत नाहीत. धूर कोंडून इंजिनाकरवी गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक आधी घे, असे मी त्याला बजावले. त्या गाडीत माझी नात बसते.

भाच्याने पेच मूळ जागी आणला, नळ्या बदलल्या, 16चे घर बसवले, एक्झॉस्ट ब्रेक घेतला. ऑगस्टमध्ये त्याने बोगद्याच्या अलीकडून फोटो पाठवला. सुई 1150वर होती. “मामा, गाडी हळूच चढते, पण दमत नाही,” एवढेच खाली लिहिले होते.

पाइक्स पीकवर मॉस यांनी जे मिळवले ते याहून वेगळे नव्हते.