ई-पुस्तकांची किंमत

ई-पुस्तकांची किंमत : ई-पुस्तक किती रुपयांना किंवा डॉलरला विकावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रकाशनव्यवसायातील प्रश्न. कागद, छपाई, बांधणी, वाहतूक यांचा खर्च नाही, तेव्हा ते स्वस्त हवे, हे वाचकाचे गणित. प्रकाशकाच्या वहीत मात्र मानधन, संपादन, जाहिरात हे खर्च तसेच राहतात. त्यापेक्षा मोठी असते ती धास्ती, की स्वस्त ई-पुस्तक महागड्या पुठ्ठाबांधणी आवृत्तीचा खप खाईल.

हा वाद अमेरिकेत पेटला. नोव्हेंबर २००७ मध्ये अॅमेझॉनने किंडल हे वाचनयंत्र आणले आणि गाजलेली नवी पुस्तके ९.९९ डॉलरला विकायला काढली. प्रकाशकाला छापील किमतीच्या साधारण निम्मी रक्कम मिळत असल्याने अनेक पुस्तकांवर विक्रेताच पदरचे पैसे घालत होता. तरी प्रकाशक अस्वस्थ होते. हा आकडा वाचकांच्या डोक्यात पक्का बसेल, ही त्यांची चिंता. तो बसलाही. २००९ मध्ये किंडलधारकांनी याहून महाग पुस्तकांवर बहिष्काराची खूण डकवायला सुरुवात केली. पुस्तक न वाचताच केवळ किमतीपायी एक तारा देण्याची रीतही तेव्हाचीच. त्यात लेखक हकनाक भरडला जातो.

२०१० मध्ये अॅपलच्या साथीने पाच मोठ्या प्रकाशकांनी अडत पद्धत आणली. किंमत प्रकाशकाने ठरवायची, विक्रेत्याने ३० टक्के अडत घ्यायची. किमती १२.९९ ते १४.९९ डॉलरपर्यंत चढल्या. गंमत अशी, की १२.९९ चे ७० टक्के म्हणजे जेमतेम ९.०९ डॉलर, बऱ्याच पुस्तकांवर प्रकाशकाला आधीपेक्षा कमीच मिळू लागले. त्यांना हवा होता तो किमतीवरचा ताबा. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकी न्यायखात्याने संगनमताचा खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली. अॅपल लढले आणि जुलै २०१३ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांच्यापुढे हरले. अखेर ग्राहकांना अॅपलकडून ४० कोटी डॉलर परत मिळाले. अडत पद्धत मात्र पुढे नव्या, स्वतंत्र करारांतून परतली.

२०१४ च्या अॅमेझॉन–हॅशेट तंट्यात अॅमेझॉनने वाचकांनाच हॅशेट या प्रकाशनसंस्थेचे प्रमुख मायकेल पीच यांना पत्रे लिहायला सांगितले. १४.९९ ला एक प्रत खपते तिथे ९.९९ ला १.७४ खपतात, हा अॅमेझॉनचा दाखला. पीच यांनी पत्रे लिहिणाऱ्यांना उत्तर पाठवले : आमची ८० टक्क्यांहून अधिक ई-पुस्तके ९.९९ किंवा त्याहून कमी किमतीचीच आहेत, आणि पेपरबॅक निघाली की ई-पुस्तकाची किंमतही उतरते.

मराठी पुस्तके किंडलवर डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे आली. भारतात किमतीला कराचाही फाटा आहे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावर तो आधी १८ टक्के होता. २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच ई-पुस्तकासाठी.